खुडणारा हात

श्रावणात आमच्या गच्चीवरच्या कढीलिंबावर एक हिरवा किडा येऊन बसला. बोटभर लांब, कडुनिंबाच्या कोवळ्या पानासारखे पंख, पुढचे दोन पाय छातीशी दुमडलेले. मी जिकडे जाईन तिकडे त्याचं तिकोनी डोकं वळायचं. आपल्याकडे कुणी त्याला प्रार्थनाकीटक म्हणतं, कुणी खंडोबाचा किडा. तीन दिवस तो त्याच फांदीवर होता. चौथ्या दिवशी मी खराट्याची एक हीर घेतली आणि त्याच्या तोंडासमोर हलवली. आधी काहीच झालं नाही. तो नुसता डुलला, वाऱ्यानं पान डुलावं तसा. हीर आणखी जवळ नेली, आणि काय झालं ते मला दिसलंच नाही. कळलं ते एवढंच, की हिरेचं दुसरं टोक आता त्याच्याकडे होतं. मी हीर मागे ओढली. तेव्हा त्यानं पहिली पकड सोडली नाही. दुसरा पाय पुढे काढून हिरेवर आणखी वर, माझ्या बोटांच्या दिशेनं, दुसरी पकड घेतली.

ती दुसरी पकड बघितली आणि मी तिथंच खाली बसले. गेली काही वर्षं ज्या विद्येबद्दल मी वाचत होते, जुन्या-नव्या फिती थांबवून थांबवून पाहत होते, तिचं अर्धं व्याकरण त्या एका हालचालीत होतं.

चीनच्या शानदोंग प्रांतातल्या या विद्येचं नाव थांगलांगच्वान. थांगलांग म्हणजे प्रार्थनाकीटक आणि च्वान म्हणजे मूठ. सांगतात ते असं : वांग लांग नावाचा एक लढवय्या कुणा वरचढ माणसाकडून पुनःपुन्हा हरत होता. एकदा असाच हरून झाडाखाली बसलेला असताना त्याला प्रार्थनाकीटक आणि सिकाडा यांची झुंज दिसली. सिकाडा म्हणजे उन्हाळ्यात झाडावर बसून कर्कश किरकिरणारा तो जाडजूड किडा. अंगानं तो मोठा, तरी प्रार्थनाकीटकानं त्याला जागचं हलू दिलं नाही. वांग लांगनं तो कीटक पकडून घरी नेला, गवताची काडी घेऊन त्याला रोज डिवचलं, आणि तो काडी कशी अडवतो, कशी ओढतो, कशी धरून ठेवतो हे टिपून घेतलं. हात सापडले, पण पाय कुठून आणायचे? प्रार्थनाकीटक चालतो सावकाश. मग पाय त्यानं माकडाचे घेतले. या शैलीचं वर्णन आजही तसंच केलं जातं : हात कीटकाचे, पावलं वानराची.

हा वांग लांग नेमका कधीचा? एक परंपरा त्याला सोंग राजवटीच्या सुरुवातीला नेते, म्हणजे हजार वर्षं मागे. दुसरी त्याला मिंग राजवटीच्या अखेरीस आणते, म्हणजे जवळपास शिवाजी महाराजांच्या काळात. दोन तारखांमध्ये सहा-सातशे वर्षांचं अंतर पडत असेल, तर तो माणूस इतिहासातला नव्हे, कथेतला, हे मान्य करावं. मला त्यानं काही बिघडतं असं वाटत नाही. ही कथा म्हणजे जन्मदाखला नव्हे, तो पहिला धडा आहे. शिकायला आलेल्या पोराला वस्ताद ती सांगतो तेव्हा तो तीन गोष्टी एकदम सांगत असतो : तुझ्याहून मोठा माणूस समोर असणार आहे, त्याचा हात आधी ताब्यात घ्यायचा आहे, आणि हे कळायला तुला पुष्कळदा हरावं लागणार आहे.

या किड्याला चिनी मनात फार जुनी जागा आहे. छी राज्याच्या च्वांग राजाची गोष्ट तिथं शाळेतली मुलंही सांगतील. राजा शिकारीला निघालेला असताना रथाच्या चाकासमोर एक किडा पुढचे पाय उगारून उभा राहिला. हा कोण, असं राजानं विचारलं. सारथी म्हणाला, हा प्रार्थनाकीटक, याला पुढे जाणं माहीत आहे, मागे सरणं नाही, आणि आपलं बळ किती हेही तो बघत नाही. राजा म्हणाला, हा माणूस असता तर जगातला सर्वांत शूर वीर ठरला असता, आणि त्यानं रथ वळवून घेतला. चिनी भाषेत पुढे या गोष्टीची म्हण झाली, पण ती न झेपणाऱ्या बळाशी झुंजायला निघालेल्या वेड्या धाडसासाठी वापरतात. राजाला त्यात शौर्य दिसलं, लोकांना वेडेपणा. आणि ते छी राज्य होतं आजच्या शानदोंगमध्येच. पुढे ज्या मातीत या किड्याच्या नावाची मुष्टिविद्या वाढली, तीच ही माती.

आता त्या पायाकडे जवळून बघू. प्रार्थनाकीटकाच्या पुढच्या पायाचा अंगालगतचा भाग इतर किड्यांपेक्षा खूप लांब असतो. त्यामुळे त्याचा पल्ला वाढतो. त्याच्या पुढचा भाग जाड, आणि त्याच्या कडेनं काट्यांच्या दोन रांगा. त्यापुढचा भाग या काट्यांवर येऊन मिटतो, अडकित्त्याचं पातं मिटावं तसा. झडप सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पुरी होते. मात्र त्या झडपेचा उद्देश भक्ष्याला मारणं हा नाही, धरणं हा आहे. खाणं नंतर, निवांत.

न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी या किड्याच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणानं चिमुकले रंगीत चष्मे चिकटवले आणि त्याला भक्ष्याचे त्रिमित चित्रपट दाखवले. पडद्यावरचं भक्ष्य जवळ आल्याचा भास झाला की किडा हवेतच झडप घालायचा. २०१८मध्ये त्यांनी जे छापलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं : दोन डोळ्यांनी अंतर मोजताना हा किडा दोन्ही चित्रांतला तपशील आपल्यासारखा जुळवत बसत नाही, काय हललं तेवढंच जुळवतो. शानदोंगच्या वस्तादांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण त्यांच्या विद्येचा पायाही तोच आहे. समोरच्याचा हात हलू दे. हललेला हात म्हणजे आपल्या हाती लागलेला हात.

या विद्येतली सर्वांत ओळखीची मुद्रा म्हणजे आकडा. मनगट खाली मुडपलेलं, अंगठा आणि तर्जनी जुळलेली, बाकीची बोटं तळव्याकडे वळलेली; कोणत्या घराण्यात किती बोटं जुळवायची यात फरक आहे. छायाचित्रात ती सुंदर दिसते, आणि बहुतेक लोक तिथंच थांबतात. माझा भाचा तिथंच थांबला होता.

तो दोन वर्षं आमच्या शहरातल्या एका कुंग-फू वर्गाला जात होता. वाघ, साप, बगळा, माकड, प्रार्थनाकीटक, सगळ्यांच्या मुद्रा त्याला यायच्या. दर काही महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नव्या रंगाचा पट्टा. एकदा घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला दाखव. त्यानं आकडा करून उत्तम पवित्रा घेतला. मी म्हटलं, आता मी तुला मारते, सावकाश मारते, तू हा हात वापर. मी उजवी मूठ पुढे केली. तो थांबला. "मावशी, असं आम्ही कधी केलंच नाहीये," तो म्हणाला. दोन वर्षांत त्याच्यासमोर जोडीदार म्हणून कुणी उभंच राहिलं नव्हतं. त्या पोराचा काही दोष नव्हता. त्याला किड्याचं चित्र शिकवलं होतं. किडा काय करतो ते शिकवलं नव्हतं.

मग आम्ही बैठकीतलं टेबल बाजूला सारलं आणि या शैलीची सगळ्यांत पहिली जोडणी करून पाहिली. तिचं नाव तीन शब्दांचं आहे : गोऊ, लोऊ, त्साय. मी उजवी मूठ सरळ त्याच्या तोंडाकडे नेली. त्यानं उजव्या हाताच्या आकड्यानं माझं मनगट बाहेरच्या अंगानं अडकवलं. हा गोऊ, म्हणजे अडकवणं. मूठ थांबवायची नाही, तिची वाट फक्त चार बोटं वळवायची. लगोलग त्याचा डावा हात माझ्या कोपराच्या वर आला आणि दंड स्वतःकडे घेतला; हा लोऊ, कवेत ओढणं. माझ्या हिरेवरची ती दुसरी पकड हीच. आणि मग उजव्या हातानं माझं मनगट खाली, झटक्यानं. हा त्साय. चिनी भाषेत हा शब्द चहाची पानं किंवा फळं तोडण्यासाठी वापरतात. मराठीत याला एकच शब्द आहे, आणि तो इतका नेमका आहे की मला आनंद झाला : खुडणं. भाजी खुडताना आपण देठ ओरबाडत नाही, ओढतही बसत नाही. बोटं धरतात आणि मनगट एक छोटासा झटका देतं. तेवढाच.

एवढ्याशा झटक्यानं माझं काय झालं ते सांगते. उजवा खांदा खाली गेला, डोकं पुढे आलं, सगळं वजन पुढच्या पायावर पडलं. डावा हात मोकळा होता, पण खांदे फिरल्यामुळे तो भाच्यापासून लांब, माझ्याच पाठीमागे राहिला होता. आणि त्याचा डावा हात माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, काम उरकून मोकळा. तो तिथंच थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोन वर्षांत आला नसेल एवढा उजेड त्याच्या चेहऱ्यावर आला होता.

या शैलीत अशी बारा अक्षरं आहेत, आणि सगळी विद्या या बारा अक्षरांत बसते असं मानतात. गोऊ, लोऊ, त्साय झाले. ग्वा म्हणजे टांगणं, समोरच्याचा हात वर अडकवून ठेवणं. द्याओ म्हणजे पक्ष्यानं चोचीत धरावं तसं चटकन टिपणं. जिन म्हणजे आत शिरणं, बंग म्हणजे कोसळवणं, दा म्हणजे मारणं. शेवटची चार मला सर्वांत आवडतात : जान, न्येन, थ्ये, खाओ. पहिली दोन चिकटण्याची, तिसरं लगटण्याचं, चौथं अंग टेकवण्याचं. एकदा स्पर्श झाला की तो सोडायचा नाही. समोरच्याचा हात मागे जाईल तर त्याच्याबरोबर जायचं, पुढे येईल तर येऊ द्यायचं, आणि जागा मिळाली की खांदा, नितंब, गुडघा यांनी त्याला हलवायचं. मोजून बघा, बारांतली मारण्या-कोसळवण्याची अक्षरं दोनच आहेत. बाकीची धरण्याची, चिकटण्याची आणि जवळ जाण्याची.

पावलांचंही तसंच. आजच्या सर्वांत पसरलेल्या शाखेचं नाव छीशिंग, म्हणजे सात तारे. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच ते. या शाखेचं खास पाऊल असं : सगळं वजन मागच्या, वाकवलेल्या पायावर, पुढच्या पायाची टाच जमिनीला, चवडा वर. दिसायला हा आळसावलेला पवित्रा वाटतो. पण तो चवडा समोरच्याच्या घोट्यामागे गेला की पायाचाही आकडा होतो. वर हात खुडलेला, खाली घोटा अडकलेला. माझे बाबा सांगलीकडच्या तालमीत वाढलेले. त्यांना मी हे पाऊल दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "हा मारामारीवाला नाही, हा कुस्तीवाला आहे." मनगट आधी धरायचं, वजन पुढच्या पायावर आणायचं आणि तोच पाय काढून घ्यायचा, हे आपल्या लाल मातीतल्या पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं. प्रत्येक डावाला तोड, आणि तोडीलाही तोड, ही तालमीची शिकवण या विद्येतही आहे.

या विद्येला मर्यादाही आहेत. 'आठ ठिकाणी मारावं, आठ ठिकाणी मारू नये' असा जुना नेम या शैलीत पाठ करतात. न मारायच्या जागांत कानशील, गळा, मूत्रपिंडं, आणि दोन्ही तळव्यांनी एकदम झाकले जाणारे कान येतात. मारायच्या जागांची यादी काही सौम्य नाही, तीत भुवया आहेत, गुडघे आहेत. पण माणूस मरू नये, हरावा, हा विचार त्या दोन याद्यांच्या मधे उभा आहे.

खरा, कागदोपत्री सापडणारा इतिहास सुरू होतो लायांग नावाच्या गावापाशी. शानदोंगचं पूर्वेकडचं टोक समुद्रात घुसलेलं आहे, उत्तरेला बोहाय, दक्षिणेला पीत समुद्र. त्या द्वीपकल्पातलं हे गाव. नाशिकची द्राक्षं तशी लायांगची नासपती चीनभर ओळखतात. या भागात ली बिंगश्याओ, त्याचा शिष्य झाओ झू आणि त्याचा शिष्य ल्यांग श्वेश्यांग अशी साखळी सांगतात. यातला ल्यांग १९व्या शतकातला. मालाची आणि चांदीची ने-आण करणाऱ्या रखवालदारांच्या पेढ्या तेव्हा चीनभर होत्या; त्या व्यवसायात त्याची हयात गेली. रस्त्यावर दरोडेखोर आडवा आला तर विद्या खरी की खोटी ते तिथंच ठरायचं. ल्यांगनं ही विद्या मोजक्या शिष्यांपलीकडे नेली आणि लिहूनही ठेवली. त्यानं लिहून ठेवलेल्या मुख्य संचांची, म्हणजे ठरावीक क्रमानं बांधलेल्या हालचालींच्या मालिकांची, नावं आहेत बंगबू, ल्वानज्ये आणि फनशन बाझोऊ. कोसळवणारं पाऊल, एकात एक गुंतत जाणारे प्रहार, आणि आठ कोपर. या तीन नावांत कुठंही किडा नाही.

यावर मी बराच विचार केला. प्राण्यांच्या नावाच्या शैली म्हणजे प्राण्यांच्या नकला, असं आपल्याला चित्रपटांनी शिकवलं. पण जुन्या वस्तादांनी संचाला नाव देताना किड्याचा आकार सांगितला नाही, काम सांगितलं. किडा त्यांच्यासाठी उदाहरण होता. कोपर आठ प्रकारे कसा वापरायचा हे शिकवणाऱ्या संचाचं तर प्रार्थनाकीटकाशी नातं एवढंच, की हात अडकल्यावर जे सगळ्यात जवळ असेल त्यानं काम करायचं.

ल्यांगच्या शिष्य-प्रशिष्यांनी पुढे आपापल्या वाटा काढल्या. हाओ घराण्यानं मेहुआ ही शाखा जपली. मेहुआ म्हणजे हिवाळ्यात फुलणारं पाच पाकळ्यांचं आलुबुखाराचं फूल. पाकळीला लागून पाकळी, तसा प्रहाराला लागून प्रहार. ज्यांग ह्वालोंगनं आपल्या विद्येत इतर शैलींतली पावलं मिसळली आणि त्यातून आठ पावलांची बाबू शाखा आली. ल्यूहे ही सहा मेळांची शाखा वेगळ्या परंपरेतून आलेली, दिसायला सर्वांत मऊ. हात-पाय, कोपर-गुडघा, खांदा-नितंब हे तीन बाहेरचे मेळ. मन, हेतू, श्वास आणि बळ यांना एकाला एक जोडणारे तीन आतले. तिच्यात तो प्रसिद्ध आकडाही फारसा दिसत नाही. तरी ती प्रार्थनाकीटकाचीच.

सप्तर्षींच्या शाखेचा प्रवास मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण आपण आज हे वाचतो-लिहितो आहोत ते त्या प्रवासामुळे. यानताय हे या किनाऱ्यावरचं बंदर १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी व्यापाराला खुलं झालं. तिथं फान शूदोंग नावाचा धिप्पाड वस्ताद होता. शेतात अंगावर आलेल्या दोन बैलांना त्यानं हातापायांनी लोळवल्याची कथा त्याचे अनुयायी अजून सांगतात. त्याचा शिष्य लुओ ग्वांगयू. १९१०मध्ये शांघायला चिंगवू संस्था स्थापन झाली होती. तिच्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते हुओ युआनज्या आपल्याकडे ब्रूस लीच्या १९७२च्या चित्रपटामुळे माहीत आहेत. त्यात तो ज्या गुरूच्या मृत्यूचा सूड घेतो तो गुरू म्हणजे हे. या संस्थेनं एक फार धाडसी गोष्ट केली. घराण्याघराण्यांत कोंडलेल्या विद्या एका छताखाली आणल्या, वेळापत्रक लावलं, छायाचित्रं काढली, पुस्तकं छापली, आणि बायकांसाठीही वर्ग उघडले. १९१९मध्ये लुओ ग्वांगयू तिथं प्रार्थनाकीटकाची शैली शिकवायला गेला. पुढे तो हाँगकाँगला गेला. तिथल्या त्याच्या शिष्यांपैकी वोंग होन फान यानं संचामागून संच पुस्तकांत उतरवले, एकेक हालचाल छायाचित्रासह. जगभरातल्या कितीतरी लोकांनी ही विद्या पहिल्यांदा पाहिली ती त्या पानांवर.

दुसरी वाट पोटासाठी निघालेल्या लोकांची. शानदोंग हा दुष्काळ आणि पुरांनी पिचलेला प्रांत. लाखो लोक बोहायपलीकडे मांचुरियात गेले, काही कोरियात. दालियानमध्ये आणि कोरियातल्या चिनी वस्त्यांत ही विद्या गेली ती अशा कुटुंबांच्या गाठोड्यातून. कोरियन भाषेत तिला आजही दांगनांगक्वोन म्हणतात. १९४९च्या सत्तांतरानंतर वेई श्याओथांग बाबू शाखा घेऊन तैवानला पोचला, आणि ल्यू युनच्याओ ल्यूहे शाखा घेऊन.

एक गफलत इथंच दूर करते. ग्वांगदोंगमधल्या हक्का लोकांतही प्रार्थनाकीटकाच्या नावाची विद्या आहे. तिला दक्षिणेची म्हणतात. तिचा शानदोंगच्या विद्येशी संबंध नाही. उभं राहणं वेगळं, श्वास वेगळा, मूठ वेगळी : तर्जनीचं मधलं पेर पुढे काढलेली, टोचणारी. एकाच किड्याकडे दोन प्रांतांतल्या लोकांनी पाहिलं आणि दोघांना वेगळं दिसलं.

प्राण्यांकडून शिकण्याची ही खोड चीनमध्ये या मुष्टिविद्येपेक्षा कितीतरी जुनी आहे. मावांगद्वी इथं इसवी सनपूर्व १६८मध्ये बंद केलेली एक कबर १९७३मध्ये उघडली. तीत रेशमावर रंगवलेली ४४ माणसं व्यायाम करताना सापडली. काही हालचालींना पशुपक्ष्यांची नावं आहेत. पुढे ह्वा थो या वैद्यानं वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्यावरून पाच व्यायाम बसवले असं मानतात. ते होते आरोग्यासाठी. इथं आपल्याकडचे वाचक हमखास बोधिधर्माचं नाव घेतील : भारतातून गेलेल्या भिक्षूनं शाओलिनमध्ये ही सगळी विद्या सुरू केली, हे आपल्याकडे फार अभिमानानं सांगितलं जातं. थांग हाओ या चिनी वकील-संशोधकानं १९३०मध्येच दाखवून दिलं की याला आधार नाही. ज्या ग्रंथावर हा दावा उभा आहे तो बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला आहे. आपल्या मातीत भुजंगासन आहे, मयूरासन आहे, केरळच्या कळरीत हत्ती-सिंहांचे पवित्रे आहेत. दुसऱ्याच्या अंगणातलं झाड आपलं म्हणण्याची आपल्याला गरज नाही.

१९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात जुन्या विद्या शिकवणं धोक्याचं झालं. मग १९८२मध्ये 'शाओलिन टेम्पल' चित्रपट आला आणि वारं फिरलं. त्यात तरुण जेट लीच्या गुरूचं काम करणारे यू हाय हे यानतायचे, आणि याच शैलीत मुरलेले. २०२३मध्ये ते गेले. त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या जुन्या फिती बघताना मी एक गोष्ट शोधत असते : नजर. त्यांचा आकडा कुठंही असो, डोळे कायम समोरच्या, तिथं नसलेल्या माणसावर असतात. तो माणूस आपल्यालाही दिसायला लागतो.

अडचण त्यानंतर आली. सरकारी स्पर्धांत या शैलीला वानर आणि गरुडाच्या शैलींबरोबर 'आकृतीचं अनुकरण करणाऱ्या' गटात घातलं. गुण कशाला? उडीला, तोलाला, आणि किडा किती हुबेहूब दिसला त्याला. मग मान जास्त तिरकी, बोटं जास्त थरथरती, डोलणं जास्त लांबलेलं. त्या खेळाडूंची मेहनत अफाट असते, मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण समोरचा माणूस तिथून निघून गेला. २०१७मध्ये शू श्याओदोंग या मिश्र-लढतीच्या खेळाडूनं ताइची शिकवणाऱ्या एका गुरूला काही सेकंदांत खाली पाडलं, आणि सगळ्या पारंपरिक विद्या खोट्या, असा गिल्ला झाला. माझ्या मते त्या दिवशी हरली ती जोडीदाराशिवाय केलेली साधना. थांगलांगच्वानचे जुने संच दोघांनी मिळूनही करायचे असतात, एकजण संच करतो आणि दुसरा त्याची तोड. बंगबूचा अर्धा भाग तर दुसऱ्या माणसाच्या अंगावरच लिहिलेला आहे. तो काढून टाकला तर उरतं ते एका हाताची टाळी वाजवणं. लायांगच्या या विद्येला २००८मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली. यादीत नाव आलं हे चांगलंच, पण यादी कुणाचं मनगट धरत नाही.

'कुंग फू पांडा'मधला तो एवढासा मँटिस पाहून आपल्याकडची पुष्कळ मुलं कुंग-फूच्या वर्गाचा हट्ट धरतात. धरू द्या, तो चांगला हट्ट आहे. फक्त नाव घालण्याआधी पालकांनी एक संध्याकाळ वर्गाच्या कोपऱ्यात बसून बघावं. पट्टे किती रंगांचे आहेत ते विचारू नका. मुलं एकमेकांची मनगटं धरतात का, आणि धरलेलं मनगट सोडवायला त्यांना कुणी शिकवतं का, एवढं बघा. तसं दिसलं नाही तर पुढचा वर्ग शोधा. माझ्या भाच्यानं तो वर्ग सोडला. आता दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे येतो, आम्ही टेबल बाजूला सारतो, आणि पहिली मूठ तो मला मारायला सांगतो.